सावलीतली

भट्टीच्या नळीतून पाणी आलं, पाण्याबरोबर तेल आलं, आणि भट्टीवाल्या केरबानं काचेची बरणी उन्हाकडं धरली. पाण्यावर तेलाचा नुसता पापुद्रा.

"एवढंच?" भाऊसोनं विचारलं.

"पाल्यात हाय तेवढंच येणार की. मी काय पदरचं घालू?"

भाऊसोनं भट्टीशेजारच्या ढिगाकडं बघितलं. कमरेएवढी तुळस, बोटभर लांब पानं, हिरवीगार. कवठे महांकाळच्या या माळावर असली तुळस कुणी बघितली नव्हती. ती अशी यावी म्हणून त्यानं रानावर हिरवी जाळी घातली होती. एक पुरेना म्हणून वर दुसरी. देवळात दर कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं, तेव्हा मुलीचा बाप म्हणून भाऊसोच उभा राहतो. लेक उन्हात कशी करपू द्यायची? जाळीवाल्यानंही नको म्हटलं नाही. त्याला जाळी विकायची होती.

केरबानं एक पान चुरगळलं, नाकाला लावलं. "गवत हाय गड्या."

"सावलीत वाढवलीया रं तिला. एक पान करपलेलं दाव."

"तेच म्हंतोय. उनाचा चटका बसल्याबिगार तुळशीत तेल भरत न्हाई. ही नुसती दिसाय चांगली."

भाऊसोनंही एक पान चुरगळून नाकाला लावलं.

जाळीखाली, न कापलेल्या तुळशीच्या कडेला, माया स्टूल टाकून बसली होती. भाऊसोची एकुलती पोरगी. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे. कडेगावचं स्थळ आलं होतं, मुलगा मिलिटरीत, आणि पहिली अट पोरगी उजळ पाहिजे. विश्रामबागच्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. दोन महिने झाले, कॉलेज बंद. का, तर एस्टीच्या फाट्यावर निवारा नाही, ऊन लागतं. एवढ्यासाठी पोरीचं शिक्षण थांबतं, आणि घरात कुणाला त्याचं हसू येत नाही.

तिची आई अंबूबाई मात्र दिवसभर उन्हातच. तिला कोण जपणार? तिचं लग्न होऊन गेलेलं.

अंबूबाई बांधावरून भारा घेऊन आली आणि केरबासमोर टाकला. पेरताना बी उधळून जाळीच्या बाहेर उगवलेली ही तुळस. पाणी तेच, माती तीच, फक्त डोक्यावर जाळी नव्हती. गुडघ्याच्याही खाली, काळपट, बारक्या पानांची.

"हीबी घाला," ती म्हणाली.

"आगं, ही काय तुळस हाय?" भाऊसो म्हणाला.

"मग काय पेंढी हाय? घाला हो."

केरबानं भट्टी रिकामी केली, ही भरली. पहिल्या ढिगाच्या निम्मीसुद्धा नव्हती. पुन्हा जाळ, पुन्हा वाफ. अंबूबाई तिथंच मातीत बसली आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. जागी झाली ती केरबाच्या शिंकेनं. वासच तसा सुटला होता. दुसऱ्या बरणीत पाण्यावर बोटाच्या पेराएवढा पिवळा थर.

केरबानं दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या.

तेवढ्यात भाऊसोचा फोन वाजला. चुलतभाऊ तात्याबा, स्थळ आणणारा. त्याचा आवाज फोनबाहेरही सगळ्यांना ऐकू यायचा.

"भाऊसो, माणसं रविवारी येत्यात. पोरगी काळी न्हाई ना पडली?"

"न्हाई न्हाई," भाऊसो म्हणाला, "सावलीतली हाय आमची..."

आणि अडकला. त्याची नजर बरण्यांवर होती.

अंबूबाई उठली. पाला कापून चिकट झालेल्या हातानं तिनं फोन काढून घेतला.

"भावजी, माया उद्यापास्नं कॉलेजला जाणार हाय. त्यास्नी बघायची आसल तर फाट्यावर या म्हनावं. एस्टी येईस्तवर उनात उभी आसती. तितंच बघा."

तिनं फोन बंद करून नवऱ्याच्या हातात दिला.

"सोयरीक मोडलीस," भाऊसो म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागावायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"जाळी सोडा आदी. निम्मं रान कापायचं ऱ्हायलंय."

तो उठला. एका बाजूच्या गाठी त्यानं सोडल्या, दुसऱ्या बाजूच्या मायानं. तिनं मोजे काढले तेव्हा भाऊसो सवयीनं म्हणाला, "काळी पडशील." तिनं ऐकलं नाही. जाळी खाली आली. गुंडाळून झाल्यावर बांधायला दोरी सापडेना. मायानं तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि त्यानंच जाळी करकचून बांधली.

पहिल्यांदाच तुळशीवर सरळ ऊन पडलं. दुपार कलायच्या आत सगळं रान मलूल झालं. माया बांधावर डोकं धरून बसली होती. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले.

"बघ," भाऊसो म्हणाला, "माना टाकल्या."

अंबूबाईनं तुळशीकडं बघितलं, मग पोरीकडं.

"टाकतील चार दिस," ती म्हणाली. "मग उचलतील."