आठ जणांत वाटलेलं दुःख

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात आठ विद्यार्थी गोल करून बसले होते. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा होता. पट्टे सुरू झाले की एकाचं दुःख आठ जणांत सारखं वाटून जायचं. परीक्षेची धास्ती, प्रेमभंग, घरची भांडणं, सगळं असं हलकं होताना शलाकानं पाहिलं होतं. आज तिचा नंबर होता. तिचे वडील जाऊन महिना झाला होता.

समुपदेशक नलावडे मॅडमनी कळ दाबली. शलाकाच्या छातीवरचा दगड उतरला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिनं मोकळा श्वास घेतला. समोर बसलेल्या धिप्पाड इरफानच्या डोळ्यांना धार लागली.

शलाकानं बाबांचा चेहरा आठवून पाहिला. आत काही हललंच नाही. जणू ते शेजारच्या कुणाचे तरी वडील होते. ती घाबरली.

"मॅडम, बंद करा! माझं मला परत हवंय."

"पुन्हा तेवढंच जड होईल, बाळा."

"होऊ दे."

मॅडमनी पट्टे बंद केले. दुःख जसंच्या तसं परत आलं आणि शलाका हुंदके देऊन रडू लागली. इरफाननं डोळे पुसत आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तुझे बाबा कसे होते गं? सांग ना."

"गाडी चालवताना गाणी म्हणायचे," शलाका म्हणाली. "इतकी बेसूर, की सिग्नलला लोक वळून बघायचे."

रडता रडताच तिला हसू फुटलं.