न खेळलेला डाव

"त्यांची पुढची फळी बघ," लायल हडेक म्हणाला. "न्याहारीला ट्रॅक्टर खातात कार्टी."

मार्लीन हसली नाही. शाळेतल्या प्रशिक्षकांच्या खोलीत, पडद्यावर स्टॅनहोपचा अमेरिकन फुटबॉलचा मागचा सामना चालू होता. संध्याकाळी कॉलबर्न विरुद्ध स्टॅनहोप, विभागाची अंतिम लढत. नदीच्या दोन काठांवरची दोन गावं. आज दोन्हीकडची दुकानं लवकर बंद होणार होती.

"आणि आपली पोरं?" तिने विचारलं.

"हलकी आहेत, पण पायात वारं भरलंय. त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, पण डावीकडे पळताना गडबडतो. आपला डॉनी लांब फेकत नाही, पण गडबडतही नाही. त्यांच्याकडे वजन आहे पोरी, आपल्याकडे डोकं. व्हर्ननचं डोकं."

व्हर्नन क्रॉथर्स म्हणजे मार्लीनचे वडील. कॉलबर्नमधल्या बापांना त्यांनी फुटबॉल शिकवला होता, आणि मग त्यांच्या मुलांनाही. सप्टेंबरात ते गेले. त्याआधी वसंतात घशाच्या शस्त्रक्रियेने त्यांचा आवाज नेला होता, आणि शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मार्लीननेच त्यांना प्रशिक्षकपदावरून उतरवलं होतं. ते भांडतील अशी तिची तयारी होती. पण त्यांनी नुसती मान हलवली आणि गळ्यातली शिट्टी काढून आपल्या सहायकाच्या, लायलच्या, हातात ठेवली. पुढे उन्हाळाभर लायल त्यांना गाडीत घालून नदीवर मासे धरायला न्यायचा. संध्याकाळी ते उन्हाने रापून, भुकेलेले परत यायचे. लायलकाकांचे हे उपकार कसे फेडावेत, असं मार्लीनला वाटत राहायचं.

पडद्यावर स्टॅनहोपची सगळी फळी डावीकडे धावली. मागे एक चणीने लहान पोरगा अडखळला, तोंडावर पडला. समोरच्यांनी त्याला सोडून दिलं. तो उठला, उजवीकडे एकटाच निघाला आणि चेंडू अलगद त्याच्या हातात आला. पुढे मैदान मोकळं होतं.

मार्लीनने चित्र थांबवलं. मागे नेलं. पुन्हा पाहिलं.

"हा डाव आपला आहे."

"फुटबॉलात सगळे डाव सगळ्यांचे असतात. आपल्या सामन्यांच्या फिती त्यांच्याकडे जातात, त्यांच्या आपल्याकडे येतात. रीतच आहे ती."

"हा आपण कधी खेळलोच नाही, काका. फितीत कुठून येईल?"



गेल्या हिवाळ्यात, आवाज होता तेव्हा, वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेंगदाणे मांडून हा डाव रचला होता. पडलेल्याकडे कोणी बघत नाही, असं म्हणून ते स्वतःशीच हसले होते. अंतिम सामना येईपर्यंत बाहेर काढायचा नाही, असं ठरलं होतं. समोर दोघंच बसली होती, मार्लीन आणि लायल.

"तुम्ही दिलात त्यांना?"

लायलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे मला विचारू नकोस."

"मग कोणाला विचारू? फक्त 'नाही' म्हणा. माझा विश्वास बसेल."

"नाही म्हटलं, की तू पुढचं विचारशील."

याच माणसाने वडिलांच्या शवपेटीला खांदा दिला होता. दफनानंतर सगळे पांगल्यावर तिच्या घरी थांबून भांडी विसळली होती.

"बाबांच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही मैदानात यायचं नाही. आज नाही, आणि यापुढेही नाही. पोरांना मी सांगते."

"काय सांगशील?"

"खरं ते."

त्याने शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"त्या पडणाऱ्या पोरावर एक माणूस कायम ठेवा म्हणावं पोरांना," दारातून तो म्हणाला. "तो पडला तरी."

पोरांना तिने सांगितलं. डॉनीने हेल्मेट भिंतीवर आपटलं. "आपले लायलकाका?" त्याने दोनदा विचारलं. दुपारपर्यंत गावभर झालं. चौकातल्या हॉटेलात जुन्या गिऱ्हाइकांचे कॉफीचे मग खुंट्यांना टांगलेले असतात. त्यातला लायलचा मग कोणीतरी उचलून कचऱ्यात टाकला, आणि मालकीणबाई बघत राहिल्या.

संध्याकाळी बोचरी थंडी होती. बाकं खचाखच भरली होती. "लायलला घरी झोपवून आलात काय रे?" स्टॅनहोपच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. कॉलबर्नच्या बाजूच्यांनी माना खाली घातल्या.

सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांनी मैदानाच्या मधोमध हात मिळवायची रीत होती; लायलच्या जागी मार्लीन गेली. स्टॅनहोपचा प्रशिक्षक ग्रेडी टॉम्लिन, आडव्या अंगाचा, तंबाखू चघळणारा माणूस, टोपी काढून पुढे आला.

"व्हर्नन आज हवे होते, बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. तेवढ्याने मार्लीनचं डोकं भडकलं.

"लायल कुठे दिसत नाहीत?" ग्रेडीने विचारलं.

"नाटक पुरे. घरभेदी हाताशी असला की सामना सोपा जातो, नाही का? त्याला मी आज हाकललं."

"कोणाला?"

"लायलला. आमचा डाव त्यानेच दिला ना तुम्हाला?"

ग्रेडी चघळायचा थांबला. त्याने एकदा कॉलबर्नच्या बाकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"लायल कुंपणाच्या आत कधी आलाच नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "उन्हाळाभर गाडीतच बसून राहायचा, तुमच्या वडिलांचं आमच्या पोरांना खुणांनी शिकवून होईपर्यंत."