उभ्याउभ्या

नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सासूबाईंचं जेवण ओट्याशी उभ्याउभ्या, चार मिनिटांत उरकायचं. किती खाल्लं याचं भान नसायचं. वजन वाढत चाललेलं, पित्त तर पाचवीला पुजलेलं. शेवटी सुनेने सात दिवस नुसत्या रसांवर राहायचा तक्ता करून फ्रीजवर लावला.

"एकदा पोट स्वच्छ झालं की सवयी आपोआप सुटतात, आई."

सासूबाईंनी सातही दिवस निमूटपणे काढले. वजन दोन किलो उतरलं. आठव्या दिवशी दुपारी सून ताट वाढून पाणी आणायला वळली, तेवढ्यात ताट अर्धं रिकामं. सासूबाई ओट्याशीच उभ्या. तोंडात बोकाणा, कान दाराकडे.

"आई, अहो कुठे गाडी गाठायचीय का?"

घास कसाबसा गिळून त्या ओशाळल्या. "रससुद्धा मी असेच घटाघटा प्यायले गं. बत्तीस वर्षं वॉर्डात गेली. दुसरी नर्स 'वॉर्ड मी बघते' म्हणाली, तरच डबा घेऊन बसायचं, असा आमचा नियम. आणि म्हणायला दुसरी असायचीच कुठे?"

सुनेने फ्रीजवरचा तक्ता काढून टाकला. त्यांच्या हातातलं ताट घेऊन टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली.

"सावकाश जेवा, आई. वॉर्ड मी बघते."