बाळोत्यांची पिशवी

दोन दिवसांच्या बाळाला अजून लघवी झाली नव्हती. नर्सबाईंनी ताबडतोब गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाळंतीण तापात, तिच्याजवळ तिची आई हवीच. उरला बाप, टिकाराम. पण पाचवी पुजेपर्यंत बापानं बाळाला हात लावायचा नाही, असा घरचा रिवाज. सासू पिशवीत जुन्या लुगड्याची बाळोती कोंबत होती. टिकारामनं सासूला विचारलं, “एवढी काहून, मामी? एकबी वल्लं केलं नाही त्यानं.” “म्हणूनच भरून राह्यली. लागतीन, जवाईबापू.” आणि तिनंच बाळ त्याच्या हातात ठेवलं. बसनं राजेगाव मागे टाकलं, तरी दुपट्याखालून त्याचा हात कोरडाच निघत होता. मग मांडीवर ऊब पसरली. शेजारची म्हातारी खेकसली, “लेकराले वल्ल्यातच ठेवतं का बाबू? बदल!” त्यानं कसंबसं बदललं. ओलं बाळोतं खिडकीत वाळवायला तिनं हात पुढे केला. “राहू द्या, माय. डॉक्टराले वल्लंच दाखवाचं हाय.”