दोन्ही छान

"दोन्ही छान आहेत," असं म्हणून मनोहररावांनी फोटो उन्नतीला परत दिले.

उन्नतीने कपाळाला हात लावला. चार दिवसांत बाबांचं हेच उत्तर तिसऱ्यांदा आलं होतं. तिने मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डिजिटल कॅमेरा घेतला होता. इतवारी बाजारातल्या हातगाडीवाल्यांचे माणसाएवढे मोठे फोटो काढायचे होते. त्यासाठी लेन्स मात्र एकच घ्यायची होती, त्रेसष्ट मिलिमीटरची किंवा एकशे दहाची. दुकानातून दोन्ही मागून आणून तिने प्रत्येकीने शेजारच्या भूमिकाचा चेहरा टिपला होता; कोणत्या लेन्सने चेहरा जसाच्या तसा येतो, ते पाहायला. बाबांना कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं पाहावं आणि सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

मनोहरराव मात्र धास्तावले होते. ही आपली परीक्षा घेऊन राहिली, असं त्यांना वाटत होतं.

ते अंगणात आले. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. अजूनही संध्याकाळी मुलं वह्या घेऊन येत. पूर्वी ते म्हणायचे, "बैलाचा पाय पाहा. असा वाकते का?" हल्ली ते सगळ्यांना "छान" म्हणत. मुलं खूश होती.

तेवढ्यात खिडकीतून उन्नतीचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"लेन्स वापरलेली असली तरी चालेल. फक्त बुरशी लागलेली नको. बसवून पाहते, नाही जमली तर सात दिवसांत परत करीन."

मनोहरराव तसेच आत आले.

"दुसऱ्यानं वापरलेली लेन्स माह्या डोळ्यात बसवून राहिली का वं? तेही बुरशी पाहून?"

उन्नती क्षणभर पाहतच राहिली. मग हसत सुटली. "बाबा, कॅमेऱ्याची लेन्स आहे ते!"

मनोहरराव मटकन खुर्चीत बसले. सुटकेचा निःश्वास टाकला. उन्नतीचं हसू मात्र थांबलं.

"पण लेन्स म्हटल्यावर तुम्हाले डोळाच काहून आठवला?"

त्यांनी डोळे चोळले.

"दिवाळीपासून धुकं धुकं दिसते," ते म्हणाले. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं भेव वाटते मले. आणि मास्तरलेच दिसत नाही म्हटलं, तर पोरं येतीन का?"

"मग माझ्या फोटोंत काय दिसलं?"

"कोणाचा तरी चेहरा आहे, एवढं."

सांगून झालं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. उन्नतीने दुकानदाराला फोन केला. एक महिना थांबा, म्हणाली.

ऑपरेशन झालं. लेन्स कोरी आहे ना, हे मनोहररावांनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं.

महिन्याभराने उन्नतीने तेच दोन फोटो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक उचलला, खिडकीपाशी नेला. मग दुसरा नेला. मग पुन्हा पहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दोन्ही छान कोण म्हटलं वं? हे पाहा. आपल्या भूमिकाचं नाक एवढं मोठं आहे का?"