बांधावरचा म्हसोबा

द्वारकाकाकूनं पुरणपोळीचा निवद म्हसोबापुढं ठेवला आणि स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. "चुकलं रे देवा. लगीन होऊन आले तवापासून शेजारी राबते, पण तू इथं हायेस हे ठाऊकच नव्हतं मला."

कुंडलिक मागं उभा होता. गेल्या बैलपोळ्यापर्यंत हा म्हसोबा बांधावरचा साधा धोंडा होता. महामार्गाच्या खुंट्या आपल्या डाळिंबांकडं येताना दिसल्या, तेव्हा बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ त्यानंच धोंड्याला फासला आणि मोजणीवाल्या साहेबांना सांगितलं, "आज्याच्या आज्यापासूनचं जागृत ठाणं हाय." देव कोण हलवणार? रस्ताच वळला, तो थेट काकूच्या विहिरीवर. काल विहीर बुजवली.

"कधी घोटभर पाणी घातलं न्हाई मी, म्हणून कोपला," म्हणत काकूनं तांब्या धोंड्यावर ओतला. विहीर बुजवण्याआधी शेंदून ठेवलेलं शेवटचं पाणी होतं ते.

"काकू..." म्हणत कुंडलिक एक पाऊल पुढं आला.

मोकळा तांब्या पदरानं पुसत ती म्हणाली, "माझ्यासाठी तूच गाऱ्हाणं घाल रे बाबा. तुझं ऐकतो त्यो."