डायनाचा निकाल

कोर्टाच्या जुन्या इमारतीतला हॉल भरला होता. यामिनी माइकपाशी उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या मिसेस वॉरनकडे बघायचं तिने टाळलं. ऐंशी ओलांडलेल्या या बाई न्यायाधीश नेथन हॉल्डनच्या सहाव्या पिढीतल्या. आजचा कार्यक्रम त्यांच्याच पूर्वजाच्या गौरवाचा, आणि यामिनी त्याच्यावर पीएचडी करते म्हणून स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठातून बोलावलेली वक्ता.

"तो निकाल स्किप कर ना यार," येताना गाडीत तिची मैत्रीण सई म्हणाली होती. "त्यांच्या घरचं फंक्शन आहे."

यामिनीने सुरुवात केली. लोहाराचा मुलगा हॉल्डन वकील कसा झाला, नव्या वसाहतीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्याने कशा वाचवल्या, पुढे विधिमंडळात गुलामगिरी हळूहळू बंद करणाऱ्या कायद्यासाठी तो किती पोटतिडकीने बोलला. लोक माना डोलवत होते. तिथेच थांबता आलं असतं.

ती पाण्याचा घोट प्यायली.

"मग ते न्यायाधीश झाले. मेरीलँडहून पळून आलेल्या डायना नावाच्या गुलाम बाईला त्यांच्यासमोर उभं केलं गेलं. कायदा मालकाच्या बाजूने होता. हॉल्डननी तिला परत पाठवलं."

माना थांबल्या. भाषण संपलं तेव्हा टाळ्या तुरळक पडल्या. अध्यक्षांनी घाईघाईने कॉफीसाठी सगळ्यांना उठवलं.

मिसेस वॉरन मात्र थेट यामिनीकडे आल्या.

"त्यांचं विधिमंडळातलं भाषण आम्ही दर थँक्सगिव्हिंगला वाचतो," त्या म्हणाल्या. "डायनाबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही."

"तुम्हाला दुखवायचा माझा..."

"ते राहू दे. तिचं पुढे काय झालं?"

हे कुणी विचारेल असं यामिनीला वाटलंच नव्हतं.

"ती पुन्हा पळाली. मालकाने पेपरात जाहिराती दिल्या, बक्षीस वाढवत नेलं. मग जाहिराती बंदच झाल्या. मी खूप शोधलं. ती सापडल्याची नोंद कुठेच नाही."

मिसेस वॉरननी डोळे मिटले.

"म्हणजे सुटली."

"मला तरी तसंच वाटतं," यामिनी म्हणाली.

मिसेस वॉरननी तिचा दंड घट्ट धरला आणि कॉफीच्या रांगेकडे वळून, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत का? ती सुटली!"